वळणावरचा बोंडूचा रस

भिकाजीला राग यायला कारण लागत नसे. पण शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याला चांगलं सणसणीत कारण मिळालं.

लांज्याच्या अलीकडे दोन मैलांवर, हायवेच्या वळणावर, जांभळीच्या सावलीत त्याचा उसाच्या रसाचा चरक बारा वर्षं उभा होता. घाटावरून ट्रकने मोळ्या यायच्या. चाकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले की मुंबईहून येणाऱ्या गाड्या आपोआप कडेला लागायच्या. रात्रभर हाडं खिळखिळी झालेली माणसं खाली उतरायची, तोंडावर पाणी मारायची आणि आलं-लिंबू घातलेला रस घटाघट प्यायची. पहिला गिलास संपल्यावर माणूस जो सुस्कारा सोडतो ना, तो ऐकायला भिकाजीला फार आवडे. ह्या वळणाचा धनी आपण, असं तो खुशाल सांगत सुटायचा.

मग रस्त्याच्या पलीकडे रावजीने मांडव घातला.

रावजी त्याच्याच वाडीतला. कातळावर त्याची काजूची तीसेक झाडं होती. बी विकायची आणि बोंडू, म्हणजे बीच्या वर लोंबणारं ते रसाळ फळ, झाडाखाली कुजू द्यायचं, हे सगळा गाव पिढ्यान् पिढ्या करत आला होता. रावजीच्या बायकोला, तुळसाला, वाटलं की कुजवण्यापेक्षा पिळावं. ती बोंडू धुऊन पिळायची, दोनदा गाळायची आणि वर चिमूटभर मीठ टाकायची. पिवळाधमक रस, गोड लागतो न लागतो तोच घशाला जरा खरवडणारा. मुंबईकरांनी एक घोट घेतला आणि ते वेडेच झाले. उसाचा रस त्यांना दादरला पावलापावलावर मिळत होता. बोंडूचा रस मुंबईत कोण देणार? म्हातारे चाकरमानी गिलास हातात धरून डोळे मिटायचे आणि आपल्या आजोळच्या गोष्टी सांगायला लागायचे.

आठवडाभरात सगळी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

खरं म्हणजे बोंडूचा हंगाम तो केवढा? शिमग्यापासून फार तर वैशाख अर्धा होईपर्यंत. भिकाजी महिना-दीड महिना गप्प बसला असता तर रावजीचा मांडव आपसूक उठला असता. पण गप्प बसायची अक्कल असती तर तो भिकाजी कसला! एके सकाळी तो हातात उसाचं कांडकं घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि रावजीच्या कानावर ते असं हाणलं की कांडकं मधोमध तुटलं. रावजीही काही कमी नव्हता. त्याने भिकाजीची मान बगलेत धरली आणि तोंड मैलाच्या दगडावर आपटलं. भिकाजीचे पुढचे दोन दात तिथेच पडले. उरलेल्या दातांनी त्याने रावजीच्या खांद्याचा लचका तोडला. गोव्याकडे जाणाऱ्या गाडीतली माणसं रस पीत पीत हे सगळं बघत उभी होती. एकाने तर मधे पडायचं सोडून दुसरा गिलास मागितला.

चार दिवसांनी भिकाजी पुन्हा गेला. ह्या वेळी ऊस तासायचा कोयता घेऊन. माणसाला मारायचं त्याच्या मनात नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. त्याने रसाचं मडकं फोडलं, बाकाचा पाय तोडला, आणि तिसऱ्या घावाला मधे आलेल्या रावजीचं कपाळ भुवईपासून वर फाटलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी रावजीने त्याला पोटात लाथ घातलीच.

मग मात्र गाव बसला. गावचे मानकरी आप्पा म्हातारे होते, पण त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी दोघांना गावदेवीपुढे उभं केलं, मधे नारळ ठेवला आणि भिकाजीला म्हणाले, "बोल. रावजीवर ह्यापुढं हात उचलणार नाय."

"रावजीवर ह्यापुढं हात उचलणार नाय," भिकाजी म्हणाला. दात पडल्यामुळे शब्दांतून वारा जात होता.

"उचललास तर देवी बघून घेईल. आनि देवीच्या आधी आमी बघू."

भिकाजी देवीला भिऊन होता. तसा तो तिला सोडून कोणालाच भीत नसे. पंधरा दिवस तो आपल्या चरकाजवळ बसून पलीकडची गर्दी बघत राहिला. रावजीच्या कपाळावरचे टाके निघाले. तुळसाने नवीन मडकं आणलं. भिकाजीचे ऊस वाळून काठ्या झाले. रागाला बाहेर पडायची वाट मिळाली नाही की तो आत कुजतो, आणि कुजलेल्या रागातून माणसाला फार हुशार कल्पना सुचतात. भिकाजीलाही एक सुचली. हात उचलायचा नाही, एवढंच तर कबूल केलं होतं.

चरकाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून तो दरवर्षी काजूच्या टरफलांचं काळं तेल लावत असे. हे तेल काय करतं ते कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कच्ची बी दाताने फोडायला जावं तर ओठ भाजतो, सुजतो, दुसऱ्या दिवशी कातडी सोलून निघते. दोन-चार मुंबईकरांचे ओठ चुरचुरले, त्यांनी रावजीला दोन शिव्या घातल्या, की गाड्या पुन्हा इकडे. एवढाच त्याचा हिशेब होता.

त्या दिवशी सकाळी रावजी बोंडू आणायला कातळावर गेला होता आणि तुळसा विहिरीवर. मांडवात फळीवर धुतलेले गिलास उपडे मांडून ठेवले होते. भिकाजीने तेलात बुडवलेलं फडकं घेतलं, रस्ता ओलांडला आणि एकेका गिलासाच्या कडेवरून ते हलकेच फिरवलं. मागचे दोन-चार गिलास राहिले असतील तेवढेच. तेल दिसणार नाही इतकं पातळ लागलं. परत येऊन त्याने राखेने हात घासले आणि घुंगरू वाजवत बसला.

नऊच्या सुमाराला वऱ्हाडाची गाडी आली. मुंबईहून राजापूरकडे निघालेली, पुढे झेंडूच्या माळा, आत नवरदेव आणि चाळीसेक माणसं. संध्याकाळी गोरज मुहूर्त होता. ड्रायव्हर बाबू संगमेश्वरचा, ह्या रस्त्याला मुरलेला. पहिला गिलास ड्रायव्हरचा, हा रस्त्यावरचा रिवाज. बाबूने जुन्या माणसांसारखी मान मागे टाकली, गिलास ओठाला न लावता वरून धार सोडली आणि एका दमात रस संपवला.

"झकास!" तो म्हणाला. "उतरा मंडळी."

मंडळी उतरली. नवरदेव प्यायला, करवल्या प्यायल्या, चार वर्षांची एक पोर दोन्ही हातांनी गिलास धरून कडेला ओठ चिकटवून प्यायली आणि रिकाम्या गिलासाची कड चाटत राहिली. भिकाजीने ते पाहिलं. पोरांचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो अर्धवट उठला, मग पुन्हा खाली बसला. पोरगी हात हलवत गाडीत चढली, आणि गाडी गेली.

पाऊण तासाने तीच गाडी परत आली.

ती थांबायच्या आधीच दारातून माणसं उड्या टाकत होती. नवरदेवाचे ओठ सुजून वाकडे झाले होते. करवल्या तोंडाला ओले पदर लावून रडत होत्या. ती चार वर्षांची पोर बापाच्या खांद्यावर होती, तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यांना पाणी भरलेले फोड, आणि रडताना ओठ ताणले की आणखी किंचाळत होती.

"कुठाय तो?" सगळ्यात पुढे नवरदेवाचा मामा होता. गिरणीत जड गाठी उचलून खांदे रुंद झालेला माणूस. त्याने रावजीला मांडवातून गळपट्टी धरून ओढलं. "काय घातलंस रसात? बोल!"

"काय नाय घातलं, देवाशपथ..."

मामाचा गुद्दा त्याच्या तोंडावर बसला. रावजी पडला, आणि पडला तसे दहा पाय त्याच्यावर आले. कोणी बरगडीत लाथ घातली, कोणी फळी उचलून पाठीत हाणली. तुळसा मधे शिरली तर तिला कोणीतरी केसाला धरून बाजूला फेकलं. रावजी कसाबसा गुडघ्यावर उठला आणि, मार खाणाऱ्या माणसाला स्वतःचीच शंका येते तशी, त्यालाही आली.

"तुळसे, बी राहिली काय गो रसात?" असं म्हणून त्यानेच तिच्या थोबाडीत मारली.

"एक पन नाय राहिली!" ती ओरडली. "एकेका बोंडवाची मी ह्या हातानं काढलीय!"

"काढलीय म्हणे," मामा म्हणाला आणि त्याने तुटलेल्या बाकाचा पाय उचलला. रावजीच्या कपाळावरची जुनी जखम एका फटक्यात उघडली.

भिकाजी रस्त्याच्या अलीकडे उभा होता. हे थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. बाबूही तोच रस प्यायला होता, आणि तो धडधाकट तोंडाने गाडीजवळ उभा राहून "पुरे करा" म्हणून ओरडत होता. रसात काही असतं तर बाबू वाचला नसता. खोट गिलासांच्या कडांना होती. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, कडांना लावलं कोणी? भिकाजीने तोंड मिटून धरलं. आणि खरं सांगायचं तर, रावजीला लाथा बसताना बघून पहिल्या दोन-तीन लाथांना त्याला बरं वाटलं होतं. माणूस असा असतो आणि भिकाजी तर असाच होता.

मामाची नजर त्याच्यावर पडली.

"ओ, तुम्ही इथलेच ना? हा असंच करतो काय?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. रावजीनेही रक्ताने चिकटलेला एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं.

"मला काय म्हाईत," भिकाजी म्हणाला. "मी माझ्या चरकाशी असतंय."

चरक हा शब्द त्याने काढायला नको होता. मामाच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं.

"चरक! आणा रे ह्याला. ज्या हातानं रस पिळलास तोच हात पिळतो."

चौघांनी रावजीला हातापायांना धरून रस्त्याअलीकडे चरकापाशी आणलं. तो तडफडत होता, एकाच्या नाकावर त्याची लाथ बसली आणि नाक फुटलं, तेव्हा बाकीचे आणखी चवताळले. त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाजवळ धरून बोटं ऊस पिळणाऱ्या दोन लाटांच्या फटीत कोंबली. एक तरणा पोरगा चाकाला लटकला. भिकाजीचा हात चाकाच्या आऱ्यावर होता. बारा वर्षांची सवय. त्याने नुसता जोर देऊन धरला असता तर चाक हललं नसतं. त्याने धरला नाही. श्वास एकदा आत घेऊन बाहेर टाकण्याइतकाच वेळ त्याने धरला नाही, आणि तेवढ्यात चाक फिरलं.

घुंगरू वाजले. रावजीचा आवाज असा निघाला की गाडीतली रडणारी पोरं गप्प झाली. बोटांची हाडं मोडताना उसाची पेरं मोडल्यासारखा कडकड आवाज आला, आणि रस गाळायच्या जाळीवर रक्त पडायला लागलं.

"मी लावलं!" भिकाजी ओरडला. "सोडा त्याला! तेल मी लावलं, गिलासांना! रसात काय नाय! मी लावलं!"

"गाववाला गाववाल्याची पाठ राखतोय," कोणीतरी म्हणालं, पण चाकाजवळचा पोरगा रक्त बघून मागे सरला होता. मामाचेही हात खाली आले. सगळ्यांना एकदम कळलं की आपण काय केलं. एकेक जण मागे सरकत गाडीकडे गेला. बाबूने गाडी चालू केली, आणि कोणी मागे वळून न बघता ते लग्नाला गेले.

रावजीचा हात लाटांतच होता. चरकात अडकलेली गोष्ट ओढून निघत नाही. चाक उलटं फिरवावं लागतं, आणि ते नेमकं किती फिरवायचं हे एकट्या भिकाजीला ठाऊक होतं. तुळसाने नवऱ्याचं डोकं पोटाशी दाबून धरलं. भिकाजीने आरा पकडला आणि चाक उलटं फिरवलं. मोडलेली बोटं पुन्हा एकदा, ह्या वेळी त्याच्या हाताने, लाटांमधून गेली. रावजी ओरडला आणि बेशुद्ध पडला.

आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेला ट्रक भिकाजीने आडवा उभा राहून थांबवला. ट्रकवाल्याने हातखंब्याहून वाट वाकडी केली आणि त्यांना रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात पोचवलं. सबंध वाटेत भिकाजीने रावजीचा पंच्यात गुंडाळलेला हात आपल्या मांडीवर धरला होता. डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी वाचवली. मधली तीन बोटं गेली.

गावात आणखीच वेगळी गोष्ट झाली. भिकाजीने रावजीला वाचवायला सगळा आळ आपल्यावर घेतला, असं लोक बोलायला लागले. आप्पा स्वतः त्याच्या घरी आले. "देवीनं तुला बुद्धी दिली बाबा," म्हणाले. त्याची बायको गोदा त्याला गरम पाणी काढून द्यायला लागली, जे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी केलं नव्हतं. "लोक तुमाला देवमानूस म्हनतायत," ती म्हणाली. "मी खरं तेच सांगितलं," असं भिकाजी दोनदा म्हणाला. लोक हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. तिसऱ्यांदा तो म्हणालाच नाही. गप्प राहिलं तर सगळं मिळत होतं, वळण, गाड्या, वर गावाचा मान.

चौथ्या दिवशी तो इस्पितळात गेला. रावजी खाटेवर उशीला टेकून बसला होता, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. तुळसा खिडकीजवळ उभी होती. भिकाजी आला तशी तिने तोंड फिरवलं.

"ये," रावजी म्हणाला. त्याचे ओठ अजून फुटलेलेच होते. "बस हितं. भिक्या, आपन एकमेकांचं रक्त काढलं. पन तू त्या दिवशी माझ्यासाठी येवढ्या मानसांसमोर खोटं बोललास. मी मरेपर्यंत इसरनार नाय."

भिकाजी खाटेच्या कडेला बसला. "मी खोटं नाय बोललो."

"गप रे."

"खोटं नाय बोललो. तू कातळावर गेलतास, ही विहिरीवर. गिलास फळीवर उपडे व्हते. खांबाचं तेल फडक्याला लावून एकेकाच्या कडेवरनं फिरवलं. मागचे राहिले."

रावजी हसायला गेला आणि थांबला. त्याने तुळसाकडे बघितलं.

"बाबू वरनं पितो," तुळसा खिडकीकडे बघतच म्हणाली. "त्याला काय झालं नाय. मी त्याच दिवशी म्हटलं आसतं. पन तुमी त्याला देव करून बसलेलात."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. रावजीच्या डोळ्यांत पाणी भरलं, आणि ते गालावर उतरायच्या आत त्याने डाव्या हाताने भिकाजीच्या तोंडात मारली. मग पुन्हा मारली. शिव्या नाहीत, ओरडणं नाही, नुसते फटके. भिकाजीचे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. दात पडलेल्या जागेतून पुन्हा रक्त यायला लागलं. त्याला इतकं रडू येत होतं की त्याला समोरचं दिसेना.

डाव्या हाताला सवय नव्हती. फटके कानशिलावरून घसरत होते, काही तर हवेतच जात होते. भिकाजी खाटेवर जरा रावजीच्या पुढ्यात सरकून बसला.